शिकवणाऱ्याचा ब्रेक

आजोबा गाडी चालवायला शिकवायचे. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक होता. उद्या आजीची परीक्षा म्हणून मोकळ्या मैदानात सराव सुरू होता आणि मागच्या सीटवर नात उड्या मारत होती. पण आजीने जरा वेग घेतला, की आजोबांचा पाय ब्रेकवर पडलाच! गाडी पुन्हा बंद पडली, तशी आजी भडकली. “गाडी मी चालवतेय की तुम्ही? जाऊ दे, मला परीक्षाच नको.” “अगं, काळजी वाटते म्हणून दाबतो.” “काळजी खूप केलीत. आता भरवसा ठेवा की!” आजोबा उतरले. नातीला वाटलं, रुसले! पण मागचं दार उघडून तिच्याशेजारी बसले. “इथे ब्रेक नाही,” ते म्हणाले. “घे आता गाडी.” गाडी सुसाट निघाली. “आजोबा, भीती वाटतेय?” नातीने विचारलं. “भयंकर!” ते ओरडले. “पण बघ, काय झकास वळवली!”