चार इंचांतले टाके

माझ्या विणकामाला नावे ठेवण्याची या घरात आजवर कोणाची प्राज्ञा नव्हती. यंदा मात्र आमच्या यांच्या स्वेटरसाठी मी आधी नमुन्याचा तुकडा विणून दाखवावा, असा यांचा हट्ट. हे पडले इंजिनिअर! पट्टी लावून यांनी चार इंचांत वीस टाके मोजले आणि त्याच हिशेबाने मी सबंध स्वेटर पूर्ण केला. काल यांनी तो घालायला घेतला, तर छातीच्या खाली उतरेना.

यांनी पुन्हा पट्टी काढली. सुया त्याच, लोकर तीच, आणि चार इंचांत टाके सव्वीस!

"अगं, इतकं आवळून कोणी विणतं का?" सुनेदेखत हे म्हणाले. "वय झालं तुझं. हात बिघडला आता."

सून खाली मान घालून हसू दाबत होती. मी स्वेटरची नीट घडी घालून तो यांच्या मांडीवर ठेवला.

 

"हात उत्तम आहे. तुकडा विणला तेव्हा आपण ऑफिसला जात होता. स्वेटर विणला तो आपण निवृत्त होऊन दिवसभर माझ्या शेजारी बसू लागल्यावर."