तीनशेचे पुन्हा पाच

"आज परत पाच!" कॉम्प्युटरवाल्या ताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

लागोपाठ चौथी सकाळ. दवाखान्यातल्या लसींच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं, की किती वेळाने सायरन वाजवायचा, तो आकडा सर्व्हरवरच्या एका फाइलमध्ये होता. पाच. पाच सेकंदांत बाटली शोधायला नर्स काय जादूगार आहेत? ताई रोज तिथे तीनशे लिहून जायच्या आणि सकाळी येऊन बघावं, तर फाइल जैसे थे. पासवर्ड बदलला, सर्व्हर बंद करून चालू केला. छे! दाद देईल तर शपथ.

"आज सायरन बोंबलला, तर उद्यापासून येऊ नका," मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सुनावलं. "रडणारी बाळं काय कमी आहेत इथे?"

ताईंनी सर्व्हरच्या नोंदी उपसल्या. माग थेट तळघरात पोचला. तिथे फ्रिज सांभाळणारे मेकॅनिक काका बसायचे.

"काका, फाइल तुम्ही बदलता?"

"बदलत नाही. होती तशी करून ठेवतो."

"कुणाला विचारून?"

"तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवस झोप उडवली या माणसाने आणि वर तोंड करून बोलतोय!

"अहो, जरा फाइल वरपासून..."

"मला शिकवू नका! पंधरा वर्षं हेच करतेय मी."

अर्ध्या तासात डॉक्टरांनी काकांना घरी पाठवलं. काका डबा उचलून गेले. ताईंनी तीनशे लिहिलं आणि काकांच्या कॉम्प्युटरची वायरच उपटली.

दहा वाजले, अकरा, बारा. बाहेर लसीकरणाची ही भलीमोठी रांग, पण सायरनचा आवाज नाही. "सुटलो बुवा एकदाचे!" डॉक्टर दारात येऊन म्हणाले. ताईंना एवढं हायसं वाटलं, की त्यांनी दुसरा चहा मागवला.

दोनच्या सुमाराला नर्स धावत आली. चेहरा पांढराफटक.

"ताई, फ्रिजचं दार सकाळपासून नीट लागलेलंच नाही. सगळ्या बाटल्या कोमट झाल्यात. तीस बाळांना टोचूनही झालं हो! सायरन का नाही वाजला?"

ताईंनी घाईघाईने फाइल उघडली. तीनशे जागच्या जागी होते. मग त्यांनी पहिल्यांदाच अगदी वरची ओळ वाचली: 'सर्व वेळा मिनिटांत.'