दुसरी काठी

उद्यापासून हैदराबाद स्टेट राहणार नव्हतं आणि आजपासून माझे बाबा, पोलीस जमादार हिम्मतराव, नोकरीत राहणार नव्हते. बरकतपुऱ्यातल्या आमच्या अंगणात सगळी गल्ली जमली होती. हार घालून झाले तसे बाबांचे जोडीदार करीमचाचा मला म्हणाले, “बेटे, अब्बा के वास्ते दो बातां बोलो.”

मी लंगडत पुढे गेलो.

“विद्यार्थ्यांच्या मोर्चात ह्या माणसाने माझा गुडघा फोडला. मी पडलो, ‘बाबा, मी आहे’ म्हणून ओरडलो, तरी दुसरी काठी त्याच गुडघ्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला आला, त्यांनाही आला असेल. पुढच्या चौकात बंदुका भरून ठेवल्यात, हे त्यांना ठाऊक होतं, मला नव्हतं. एका काठीने मी थांबलो नसतो, उठून पुन्हा धावलो असतो. बाबा, मी आज उभा आहे, ही त्या दुसऱ्या काठीची मेहेरबानी.”

बाबांनी मान खाली घातली.

शेजारच्या चतुराबाई मागून उठल्या. त्यांचा दौलत त्या दिवशी माझ्या बरोबरीने धावत होता. तो चौकात पोचला आणि तिथेच राहिला.

बाबांसमोर येऊन त्या म्हणाल्या,


“भाऊ, ती दुसरी काठी माझ्या दौलतला का नाही मारली हो?”