अपठित कविता

“डोळ्यांत तेल घालून वाचा,” बाई म्हणाल्या, आणि भाऊजी तेलाची बाटली आणायला उठले.

“बसा. तो वाक्प्रचार आहे. लक्ष देऊन वाचा, एवढाच त्याचा अर्थ.”

“मग लक्ष देऊन वाचा असंच म्हण की, मास्तरीणबाई.”

मेंदूच्या झटक्यानंतर भाऊजी पुन्हा चालू लागले, बोलू लागले, पेपरातली कोडी सोडवू लागले. शब्दांमागचा अर्थ मात्र परत आला नाही. पोटात कावळे ओरडताहेत असं लेक म्हणाली, तर त्यांनी थेट डॉक्टरांना फोन लावला. उपमा, रूपक, उपरोध, सगळं त्यांना सपाट झालं होतं. एकेकाळी टोमणे मारण्यात या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता.

बाईंनी तीस वर्षं शाळेत भाषा शिकवली होती. आता आठवड्यातल्या चार सकाळी त्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला अलंकार शिकवायला येत.

“मावशी, तुझ्यासारखी तूच,” भाची गहिवरून म्हणायची. “आई गेल्यावरही बाबांसाठी एवढं कोण करतं?”

बाई नुसत्या हसत. त्यांच्या पर्समध्ये ताईची कविता होती. ताई गेल्यावर शिवणाच्या डब्यात, बटणांखाली सापडलेली. शीर्षक नाही, तारीख नाही. “तुझ्याकडेच राहू दे,” भाचीच म्हणाली होती. “बाबांना काय कळणार आहे?”

कळायलाच हवं होतं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. ताईच्या कवितांच्या वहीला या माणसाने पाहुण्यांसमोर ‘वाण्याची यादी’ म्हटलं होतं. वीस वर्षं तिला असंच शब्दाशब्दाने सोललं होतं. आणि आता झटक्याने त्याला सगळं माफ करून टाकलं होतं. काही बोचतच नाही म्हटल्यावर शिक्षा कुणाला द्यायची? आधी त्याला बोचून घ्यायला शिकवायचं, मग ताईची कविता समोर ठेवायची, असं बाईंनी ठरवलं होतं.

ताईने बाईंकडे येऊन तक्रार केली ती एकदाच, लग्नाच्या चौथ्या वर्षी. तेव्हा बाईंनीच तिची समजूत घातली होती. उभ्याउभ्याच, पण प्रेमाने. तसं करावं लागलं, याबद्दलही त्या भाऊजींना क्षमा करणार नव्हत्या.

“बोटाला काय झालं?” भाऊजींनी विचारलं. असल्या गोष्टी त्यांच्या नजरेतून सुटत नसत.

“तार लागली. झाडांना पाणी घालताना. पुढचं वाचा. आणि माझे नियम?”

“कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? उत्तराला कवितेतल्या ओळीचा पुरावा. पुरावा नाही तर अर्धा गुणही नाही.”

“शाब्बास.”

मध्ये बाईंना ताप आला. लेकीच्या गाडीतून भाऊजी अभ्यासाची वही द्यायला आले. दारातूनच देऊन या, असं लेकीने बजावलं होतं, म्हणून ते पायरीवरच उभे राहिले, खांबासारखे. बाईंनी वही घेतली आणि दार लावलं. वहीतली सगळी उत्तरं बरोबर होती. ‘तिचं मन दगडाचं झालं’ या वाक्याखाली त्यांनी लिहिलं होतं: दगड नाही. ती रडायची थांबली.

आता वेळ झाली होती. बाईंनी कवितेची आदर्श उत्तरं स्वतःच्या हाताने लिहून काढली. तडा, म्हणजे संसार. तार, म्हणजे लोकलाज. पायरी, म्हणजे पत्नीची घरातली जागा. मऊ आवाज, म्हणजे कपट. एकूण गुण दहा.

सोमवारी त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

“आज अपठित कविता. तुम्ही कधीच न वाचलेली. अक्षर ओळखता?”

भाऊजींनी चष्मा पुसला. “तिचं आहे.”

“मोठ्याने वाचा.”

त्यांनी बोट ठेवून, सावकाश वाचलं:

“तडा गेलेली कुंडी तू तारेने बांधलीस,
मला पायरीवरूनच वळवलंस.
जा म्हणताना तुझा आवाज किती मऊ होता.
नंतर मी कुठेच गेले नाही.”

त्यांनी पुन्हा वाचलं, मनातल्या मनात. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. बाई खुर्चीत सरसावून बसल्या. या चेहऱ्यासाठी त्यांनी आठ महिने वाट पाहिली होती.

“कळलं?”

“कळलं.” त्यांनी चष्मा काढला. “फार वाईट झालं तिचं.”

“झालं नाही, केलं. कुणी केलं? ही ‘तू’ म्हणते ती कुणाला?”

“मला नाही.”

“वा! आता सुटका नाही, भाऊजी.”

“ती मला जन्मात ‘तू’ म्हणाली नाही. ‘अहो’च म्हणायची.”

“कवितेत देवालाही ‘तू’ म्हणतात. पळवाटा नकोत. पहिली ओळ घ्या. रूपक कोणतं?”

“रूपक नाहीये.”

“आठ महिने मी भिंतीशी बोलत होते का? तडा गेलेली कुंडी म्हणजे तुमचा संसार! तुम्ही मोडलेला!”

“तो मी मोडला,” भाऊजी म्हणाले. “तिला एक कुंडी हवी होती, तीही मी घरात येऊ दिली नाही. माती सांडते म्हणून. या घरात कुंडी कधी नव्हतीच.”

बाईंचं बोट पहिल्या ओळीवर गेलं.

“पुरावा लागतो ना?” भाऊजींनी कागद अलगद त्यांच्याकडे सरकवला. “वही द्यायला आलो होतो तेव्हा बघितली मी. कुंडी तुझ्या पायरीवर आहे, मास्तरीणबाई. तार आता गंजलीय.”