दामण सोड

"बसा भावजी. आज सुकाणू माझ्या हातात."

धाकटा दीर होडीत उतरला. त्याची नजर आधी दोराच्या खुंटीकडे गेली. मग त्याने हात खिशात घातला, तो तिथेच ठेवला. मोठा साहेब! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

होडी विकायचीय, एकदा फिरवून बघू, अशी थाप मारून तिने त्याला आणलं होतं. तिला त्याच्या तोंडून फक्त खरं काढायचं होतं.

नवरा बुडाला त्या दिवशी होडीत हे दोघेच भाऊ. वारा फिरला, होडी कलली, नवरा सुकाणूवरून ओरडला, "दामण सोड!" ह्याने सोडली नाही. वर चौकशीत सांगतो, "मी शहरातला कारकून. मला तो शब्दच कळला नाही."

लोकांनी माना डोलावल्या. लोकांचं काय जातं?

दामण म्हणजे शिडाच्या खालच्या टोकाचा, खुंटीला बांधलेला दोर. तो सोडला की शिडातला वारा निघून जातो, कललेली होडी सरळ होते. होडीत लहानाचा मोठा झालेल्याला हे ठाऊक नाही? कुणाला शेंड्या लावतो!

त्या सकाळी दोघे भाऊ घाईत निघाले, तेव्हा सगळं पक्कं बांधून तिनेच होडी सज्ज ठेवली होती. आजही. नवरा हसायचा, "हिने बांधलेलं पोतं कापूनच उघडावं लागतं."

"वहिनी, मागे फिरवा. वारा वाढतोय."

"भ्यालात?"

"हो."

"तेव्हाही भ्यालात. भाऊ गेला, अन् तुम्ही फुटलेली नखं दाखवत काठाला लागलात. पालथ्या होडीला धरून फुटली म्हणे!"

त्याने पुन्हा खुंटीकडे पाहिलं.

तिने दात आवळून सुकाणू वळवलं. शीड फुगलं. होडीची एक कड पाण्याला टेकली.

"दामण सोड!"

तो तत्क्षणी खुंटीवर झेपावला.

"कळतो की शब्द! खोटारड्या!"

 एका हाताने तो गाठ ओरबाडत होता. ओला दोर आवळून दगड झाला होता. नखातून रक्त आलं. पाणी आत घुसलं, तिच्या गुडघ्यांना लागलं. गाठ हलेना.

मग त्याचा खिशातला हात बाहेर आला. पातं चमकलं. दोर तुटला, शीड फडफडलं, होडी सरळ झाली.

खुंटीवर तिची गाठ तशीच होती, घट्ट.

"त्या दिवशी चाकू नव्हता, वहिनी."