बॉनेटवरची बोटं

"हे तेल घालून घाट चढलास तर इंजिन जाम होईल," धाकटा कुंपणापलीकडून म्हणाला. "मग बस वहिनीला घेऊन रस्त्याकडेच्या दगडावर."

थोरल्याने मान वर केली नाही. पातळ तेलाचा डबा त्याने भावाला लेबल दिसेल असा मुद्दाम धरला आणि इंजिनात उपडा केला.

"गाडीच्या पुस्तिकेत हेच छापलंय."

जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला माणूस. एकदा छापून आलं की त्याच्या लेखी विषय संपला.

"पुस्तिका छापली तेव्हा गाडी नवी होती. आता इंजिन झिजलंय. पातळ तेल फटींतून वर चढतं आणि जळून जातं. मागून निळा धूर निघतो तो काय होमाचा? जरा दाट घाल. नाहीतर अधूनमधून भर तरी घालत जा."

"दाट तेल तुझ्याच दुकानात मिळतं, नाही का?"

धाकट्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तो आत गेला आणि त्याने दार जरा जास्तच जोरात लावलं.

घराची वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं हे असं. कुंपणावरून आणि वाकडं. गाडी थोरल्याकडे आली. धाकट्याने वडिलांच्या हातचं पत्र्याचं नरसाळं तेवढं हट्टाने मागून नेलं. तेव्हापासून तेल ओतताना थोरल्याच्या मनगटावर ओघळ यायचा आणि ओघळाबरोबर भावाच्या नावाने तोंडात काहीबाही यायचं.

गाडीवाचून त्याचं चालण्यासारखं नव्हतं. बायकोची मूत्रपिंडं थकली होती. रक्त शुद्ध करून घ्यायला तिला आठवड्यातून दोनदा घाटापलीकडच्या इस्पितळात न्यावं लागे. एक खेप चुकली तरी पायांवर सूज चढे, धाप लागे. त्या वाटेला दुसरं वाहन भरवशाचं नव्हतं.

सकाळी तो आंघोळीला शिरला की देवाचं म्हणायला लागे, तेही खड्या आवाजात. "देवाला ऐकू येतं हो," ती म्हणायची, "आणि सगळ्या गल्लीलाही." शेवटची ओळ तो दोनदा आळवायचा. तेवढ्यात तिची फाटकापर्यंतची फेरी आटोपलेली असे. थोडं चाला, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

मग तो बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढायचा, फडक्याने पुसायचा, पुन्हा बुडवायचा. तेल अगदी वरच्या रेघेला टेकलेलं.

"थेंबभर उतरलं नाही," तो कुंपणाकडे तोंड करून सांगायचा. "ये, बघून जा."

"बघितलंय," पलीकडून उत्तर यायचं.

"मग पटलं का?"

"तुझी गाडी, तुझं तेल. मला काय पटायचंय?"

पावसाळा सरेपर्यंत इंजिनाची खडखडसुद्धा कमी झाली. थोरला घाटात शीळ घालू लागला. पुस्तिका खोटी बोलत नाही, असं त्याने बायकोला इतक्यांदा सांगितलं की ती खिडकीतून बाहेर बघायला शिकली.

एका सकाळी मात्र बॉनेट अर्धवट मिटलेलं दिसलं. त्याचं कुलूप कधीच निकामी झालं होतं, बाहेरून बोट घातलं की उघडायचं. आणि कडेवर बोटांचे तेलकट ठसे होते. त्याने स्वतःचा पंजा लावून पाहिला. आपले नव्हते.

"माझ्या गाडीला हात लावतोस तू," तो कुंपणाशी जाऊन म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"बोटांचे ठसे म्हणतात."

"मग त्यांनाच विचार."

"तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. घाटात गाडी बंद पाडायची आणि मग मी तुला सांगत होतो म्हणून मिरवायचं. तिला काही झालं तर तुरुंगात घालीन."

"वहिनीला काही झालं," धाकटा म्हणाला, "तर मला कुठेही घाल."

थोरला तणतणत घरात आला. बायको शाल पाण्यात घालत होती. शालीच्या टोकाला काळा डाग होता.

"हे कुठे लागलं?"

"तुमच्या गाडीला लागून कुणी कोरडं राहतंय का?" ती म्हणाली. "आणि त्यांच्यावर ओरडू नका हो रोज."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस. साप आहे तो."

पुढच्या खेपेला इस्पितळातून परतताना त्याने गाडी सरळ गॅरेजात घातली. बायको पुढच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. मेकॅनिकने खालचा नट सोडला, तेल घमेल्यात उतरवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"काका, हे पातळ तेल नाही. दाट आहे. आणि चांगल्यातलं."

"मी पातळच घातलंय. माझ्या हाताने."

"ते केव्हाच जळून गेलं असणार. कुणीतरी थोडं थोडं दाट भरत आलंय. बरं झालं म्हणा, नाहीतर हे इंजिन—"

"बरं झालं?" थोरल्याचा आवाज चढला. "दुसऱ्याच्या गाडीत भेसळ करायची आणि बरं झालं? तू साक्षीदार आहेस. मी आंघोळीला गेलो की भाऊ चोरासारखा फाटकातून शिरतो. आज इथूनच सरळ पोलीस चौकीत. सगळं लिहून देतो, त्याच्या नावानिशी."

गाडीची काच हळूहळू खाली आली.

"लिहिताना माझंही नाव घाला," ती म्हणाली. "नरसाळं मी धरते."