मधली चौकट

"हे ओके-बिके मध्येच कशाला येतंय? काढून टाक पहिलं," महिपतशेठ स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले.

शेठचं काशीमीऱ्याला हॉटेल. तारीख टाकली की रिकाम्या खोल्या दाखवणारं वेबसाइटचं पान क्षितिजाने त्यांच्यासाठी केलं होतं. आज ते शेठना पटलं, तरच मीरा रोडच्या या छोट्या ऑफिसात तिची नोकरी पक्की होणार होती. 'शोधतोय' म्हणून ओके दाबायला लावणारी ती चौकट तिने नुसती स्वतःच्या सोयीसाठी टाकलेली. कोडची एक ओळ तर होती! तिने हसतहसत उडवून टाकली.

शेठनी पुन्हा तारीख टाकली. पान कोरं.

पुन्हा टाकली. कोरं म्हणजे कोरं. क्षितिजाचे साहेब, ॲरनसर, खुर्चीतून अर्धे उठले. "सकाळी तर चालत होतं ना गं?"

तिने चौकट परत घातली. खोल्या आल्या. काढली, गेल्या! असली भुताटकी तिने पाहिली नव्हती. चौकट पुन्हा घालून ती शेठच्या हाताकडे बघत राहिली. हात सावकाश माउसवर गेला, ओके शोधलं, दाबलं. आणि तिची ट्यूब पेटली.

"शेठ, तुम्ही ओके दाबेपर्यंत सर्व्हरकडून उत्तर येतंय! चौकट काढली की खोल्या मांडणारी ओळ कुणासाठी थांबतच नाही. उत्तर यायच्या आधीच धावत सुटते, रिकाम्या हाताने!"

"मग थांबव ना तिला."

"थांबवायचं नाही. उत्तर आलं की मगच तिला हाक मारायची!"

ती ओळ तिने उचलली आणि उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागात नेऊन टाकली. शेठनी तारीख टाकली. पान क्षणभर कोरंच राहिलं, आणि मग खोल्या एकाखाली एक उमटल्या. चौकट नाही, काही नाही!

"पक्की," ॲरनसर म्हणाले. "सोमवारी लेटर घे."

क्षितिजा उड्या मारतच जिन्यात आली. बँकेच्या परीक्षा दे म्हणून मागे लागलेल्या पप्पांचा नंबर तिने लावला, मोबाइल कानाला धरला आणि एका दमात सांगून टाकलं, "पप्पा, चाललं! नोकरी पक्की! आता बँकेचं नावसुद्धा काढायचं नाही!"

मग शाबासकी ऐकायला ती गप्प झाली. पलीकडे अजून रिंगच वाजत होती.